रविवारी बंद पडणारी गाडी

मी एक पिकअप बोलतेय. सुरुवातीलाच शपथ घेते, म्हणजे मागाहून कटकट नको. माझ्या चेसिसवर जो नंबर ठोकलाय त्याची शपथ, पुढे जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. रक्तच नाही, डिझेल आहे. आता गोष्टीचा रस्ता कुठे कुठे खडबडीत असतो, तिथे मी चारही चाकांना जोर लावते आणि गोष्ट जरा उडते. त्याला खोटं म्हणत नाहीत. त्याला सस्पेन्शन म्हणतात.

तर सगळं खरं. एक गोष्ट सोडून. ती कोणती, ते शेवटी सांगेन, आठवण राहिली तर.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझी आई म्हणजे एक सरकता पट्टा. पट्टा पुढे सरकत गेला तशी कोणी मला चाकं दिली, कोणी काचा दिल्या, कोणी पाठीवर हौदा ठेवला. शेवटी एका चष्मेवाल्या बाईने माझ्या कानशिलावर थाप मारली आणि ‘पास’ म्हणून शिक्का उमटवला. तुमच्यातल्या किती जणांना जन्मल्या जन्मल्या पास केलं होतं? नाही ना? मग जरा मानाने ऐका.

तिथून शोरूममध्ये आले. माणसं गाडी बघायला येतात तेव्हा काय काय करतात, ते मी काचेमागून पोटभर बघितलंय. आधी चाकाला लाथ मारतात. का मारतात, ते त्यांनाही ठाऊक नसतं. चाक ओरडत नाही, म्हणून समाधानाने मान हलवतात. मग दार उघडून आपटतात आणि कान टवकारतात, जणू दार काही उत्तर देणार आहे. मग बॉनेट उघडायला लावतात, आत वाकून बघतात आणि म्हणतात, “हं.” आत इंजिनाऐवजी कोबीचे गड्डे रचून ठेवले असते तरी “हं”च म्हणाले असते. आणि निघता निघता एकच प्रश्न, “ॲव्हरेज काय देते?”

आम्ही मधल्या मापाच्या गाड्या. मोठ्या ट्रकला गल्लीत शिरता येत नाही, छोट्या व्हॅनला डोंगर चढता येत नाही. आम्हाला दोन्ही जमतं, म्हणून ट्रकवाले आम्हाला खेळणं म्हणतात आणि व्हॅनवाले धटिंगण म्हणतात. पोट जमिनीपासून उंच, चारही चाकांत जोर, पाठीवर ओझं घ्यायची तयारी. पण शोरूममध्ये हे कोणी विचारत नाही. शोरूममध्ये विचारतात, कप ठेवायला जागा कुठे आहे.

माझा मालक आला तेव्हा त्याने चाकाला लाथ मारली नाही. तो सरळ हौद्यावर चढला आणि आत आडवा झोपला. हात अंगाला चिकटवून, पाय जुळवून, डोळे मिटून. सेल्समन घाबरला.

“साहेब, बरं वाटत नाहीये का?”

“मी मावलोय,” मालक डोळे न उघडता म्हणाला. “दार माझ्याएवढंच असतं. मी मावलो म्हणजे दार मावलं. द्या ही.”

दारं बनवणं हा त्याचा धंदा. सगळा गाव त्याला दारवाला म्हणतो. घराच्या मागे पत्र्याची शेड, तिथे करवतीचा भुसा, सरसाचा वास, भिंतीला टेकवलेल्या चौकटी. तो कापतो, रंधतो, चौकटी जोडतो. मालकीण बिजागऱ्या बसवते, पॉलिश करते. तिच्या हातून दार निघालं की माशीसुद्धा त्यावर बसताना दोनदा विचार करते. आमच्या गावाच्या डोक्यावर एक डोंगर आहे. डोंगरावर घरं वाढत गेली, रस्ता मात्र वाढवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. घर म्हटलं की दार लागतंच, आणि दार वर न्यायचं म्हणजे मी लागतेच.

दारं आडवी टाकली की पॉलिशला चरे पडतात, म्हणून मालकीण ती चौकटीसकट उभी बांधायला लावते. त्यामुळे मी रस्त्याने निघाले की पाठीवर घराचं तोंड घेऊन निघाल्यासारखी दिसते. एकदा चौकात लाल दिव्याला थांबले होते. हौद्यात एकच दार, लालभडक, कडीसकट. एक पोस्टमन आला, हौद्यावर चढला आणि दारावर टकटक केली. मालक आपल्या तंद्रीत. सवयीने ओरडला, “कोण आहे?”

“पार्सल!”

मालकाने खिडकीतून हात बाहेर काढून सही केली. दिवा हिरवा झाला. पुढचा चौक आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण घरी नाही आहोत.

हसू नका, शपथ घेतलीय मी.

असा माझा मालक. हाताने पक्का, डोक्याने जरा हवेत, आणि जिभेने अगदीच कच्चा. म्हणजे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथून “बघतो की” होऊन बाहेर पडतो. आता ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने घरात काहीही पाळावं, कुत्रा पाळावा, मगर पाळावी, पण पिकअप पाळू नये. दाराशी पिकअप उभी दिसली की अख्ख्या गावाला आपापल्या घरातलं जड सामान आठवतं.

“रविवारी गाडी मोकळीच असेल ना?” अशी सुरुवात व्हायची. मग शेजाऱ्याचा फ्रीज. मित्राच्या मावसभावाचा बाथटब. व्यायामशाळेचे मास्तर आपली सगळी वजनं घेऊन आले आणि ती उचलायलाही मालकालाच लावली, म्हणाले, “तेवढाच तुमचा व्यायाम.” एका गृहस्थाने तर नुसतंच येऊन विचारलं, “कुठे जाताय का? काहीतरी न्यायचं होतं, काय ते आठवत नाही.” मालक त्यालाही “बघतो की” म्हणाला.

बाकीचे दिवस दारांचे, रविवार जगाचा. मालकाची पाठ धरली, झोप गेली, आणि एका रविवारी सकाळी त्याने मला बदनाम केलं.

कोणीतरी कपाट घेऊन फाटकाशी आलं होतं. मालकाने बॉनेट उघडलं, आत बघून लांब सुस्कारा टाकला आणि म्हणाला, “काय सांगू, सकाळपासून चालूच होत नाहीये.”

मी थक्क! आदल्याच दिवशी तोंडभर दारं घेऊन डोंगर चढून आले होते मी, आणि उतरताना गुणगुणत होते. मला वाटलं, गंमत करतोय. पण कपाटवाला हळहळला, कपाट घेऊन परत गेला, आणि मालक आत जाऊन जेवणापर्यंत झोपला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की मी ओळखलं, आता माझं काही खरं नाही.

पुढे तो त्यात तयारच झाला. फाटकाजवळ काळ्या ग्रीसची एक डबी लपवलेली असायची. कोणी येताना दिसलं की बोट बुडवून गालावर ओढायचा, हातात पाना घ्यायचा आणि माझ्याखाली सरकायचा. नुसते पाय बाहेर. आजारही दर रविवारी नवे. आधी बॅटरी, मग फॅनबेल्ट. खरे आजार संपले तेव्हा म्हणायला लागला, “हिच्या गिअरला सूज आलीय.” एकदा म्हणाला, “उन्हातून आल्यावर लगेच डिझेल पाजलं, ते बाधलं.” आणि लोकांना ते पटायचं हो! एक आजी माझ्या टपावरून हात फिरवून गेल्या, “आराम दे हो तिला.”

पटलं नाही ते एकट्या मेस्त्रीला. मालक दर सोमवारी लोकांना दाखवायला म्हणून मला त्याच्याकडे नेऊन उभी करायचा. मेस्त्री मला उघडायचा, ऐकायचा, हुंगायचा. काही म्हणजे काही सापडायचं नाही. त्याने ते मनाला लावून घेतलं. “दारवाले,” तो एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, “दर रविवारी बंद पडते म्हणता आणि हिच्यात एक नट सैल सापडत नाही. मी धंदा सोडावा असं वाटतंय तुम्हाला?” मालकाला त्यालाही खरं सांगता आलं नाही. म्हणाला, “बघा की अजून जरा.”

आता मुख्य गोष्ट. मालकाने हे नाटक मालकिणीसमोरही तसंच चालू ठेवलं होतं. ठेवावंच लागलं, कारण सगळ्यात जास्त सामान तिच्याच माहेरच्यांचं. साडूचा सोफा, मेहुण्याचं टेबल. आणि एक रविवार तर फारच वाईट गेला. मेहुण्याने आपल्या आईला, म्हणजे मालकाच्या सासूबाईंना, शहरातल्या आपल्या उंच इमारतीतल्या घरी कायमचं न्यायचं ठरवलं होतं. सामान बांधून झालं, खोली रिकामी झाली. मालकाने मला घेऊन जायचं होतं. आणि त्या रविवारी मालकाची पाठ अशी काही भरून आली होती, की त्याने डबीत बोट बुडवलं. सासूबाई दिवसभर आपल्या ओट्यावर, गाठोड्यावर बसून होत्या. मेहुण्याची रजा संपली, तो एकटाच परत गेला, आणि ते जाणं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर मालक सासूबाईंच्या नजरेला नजर देत नसे. बाकीच्या रविवारांचं त्याला काही वाटायचं नाही. हा एक मात्र त्याच्या घशात अडकून बसला होता.

आणि मालकीण? ती बिचारी सगळं खरं धरून चालली होती. एक दिवस पॉलिशचा बोळा खाली ठेवून म्हणाली, “अहो, ही गाडी काढून टाकू या.”

“का गं? चालतेय की.”

“चालते तेव्हा चालते. तुम्ही एकटे दारं घेऊन वर जाता. ती अरुंद वळणं, खाली दरी. तिथे बंद पडली तर? दर खेपेला तुम्ही खाली येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. एक बिजागरी हातात घेतली तर ती कुठे बसवायची ते सुचत नाही.”

मालकाने तोंड उघडलं. आत्ता सांगून टाकेल असं मला वाटलं. पण बाहेर काय पडलं? “बघतो की.”

गिऱ्हाईक कुठून मिळणार! माझी कीर्ती पंचक्रोशीत पसरलेली. जो तो विचारायचा, “ती रविवारी बंद पडते तीच ना?” शेवटी भंगारवाला आला. त्याने बॉनेट उघडलं नाही, ॲव्हरेज विचारलं नाही. बोटाच्या पेराने माझ्या दंडावर टकटक केली, आवाज ऐकला आणि म्हणाला, “वजनावर घेतो.”

वजनावर! ज्या बयेला जन्मल्या जन्मल्या पास केलं होतं, तिला रद्दीसारखं वजनावर.

मालकीण मात्र अन्याय करणारी नव्हे. ती म्हणाली, “आधी नीट पारखून बघू. नवी घेतली तर ती खरंच भरवशाची असते का, तेही कळायला हवं. भाऊजींनी घेतलीय ना, ती आणि ही, दोन्ही एकाच दिवशी डोंगरावर नेऊ. दोन्हींत सारखी दारं. जी नीट चढेल तिच्यासारखी ठेवायची.”

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मालकाचा साडू. साडूचं चष्म्यांचं दुकान. चष्म्यांना पिकअप लागत नाही, खिशात मावतात. तरी त्याने माझ्याच मापाची नवी कोरी पिकअप घेतली होती आणि तिची फ्रेम तो चष्म्याच्याच फडक्याने पुसायचा. दारासमोर उभी करून तो मालकाला म्हणाला, “साडूभाऊ, जमाना बदलला. हिला स्क्रीन आहे, सगळीकडे कॅमेरे आहेत, सीट गरम होते. लोकांनी हिला साडेचार तारे दिलेत.”

“साडेचारच का?” मालकाने विचारलं.

“अर्धा लोकांनी जळून कापला असेल.”

ती नवी पोरगी माझ्या शेजारी उभी होती. वागायला गोड. म्हणाली, “मावशी, तुम्हाला स्क्रीन नाही?”

“नाही गं. काच आहे. पलीकडचा रस्ता दिसतो.”

चाचणीची बातमी कळली तशा सासूबाईही निघाल्या. “मी येणार,” म्हणाल्या. “मला त्या गाडीशी जरा बोलायचंय.” हे ऐकून मालकाचं तोंड पॉलिश न केलेल्या प्लायवूडसारखं झालं.

त्या दिवशी सकाळी तो एकटाच माझ्यापाशी आला. टायरपाशी उकिडवा बसला आणि कुजबुजला, “बाई गं, माझी चूक आहे, कबूल. पण आता असं बघ. तू अजिबात चढली नाहीस, तर तुला वजनावर देतील. आणि झोकात चढलीस, तर ही विचारेल, मग इतके रविवार हिला काय होत होतं? तेव्हा तू एक कर. थोडीशीच बंद पड. मधेच एकदा. म्हणजे आधी बंद पडत होतीस ते खरं ठरेल, आणि मग चालू हो, म्हणजे तुला ठेवता येईल. जमेल ना?”

असलं काही कोणी कोणाला सांगतं का? थोडीशी बंद पड म्हणे! जन्मात कधी बंद पडलेली नाही मी, मला काय ठाऊक ते कसं करतात! तरी त्याचा चेहरा बघून वाटलं, प्रयत्न करू. निघताना मुद्दाम खोकले, तर धुराड्यातलं जुनं काजळ बाहेर पडून मी जास्तच हलकी झाले. गिअर अडकवायला गेले, तर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मालक प्रत्येक चढावर माझ्याकडे केविलवाणं बघायचा आणि मी प्रत्येक चढावर आणखी सुरेख चढायचे. मालकीण शेजारी बसून म्हणाली, “अहो, आज किती छान चाललीय.” मालकाने घाम पुसला.

पुढे साडूची गाडी, तिच्यात गरम सीटवर सासूबाई. सगळ्यात वरच्या घराच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे रस्ता म्हणजे एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला खोल चर, मधे जे उरेल ते. पोरीच्या स्क्रीनने सांगितलं, डावीकडे वळा. साडूने स्क्रीनचं ऐकलं, डोळ्यांचं ऐकलं नाही. चष्मे विकणारा माणूस! धप्पकन दोन चाकं चरात. आतून एक बाई मंजुळ आवाजात बोलायला लागली, “कृपया शांत राहा. कृपया शांत राहा.” साडू तिच्यावर ओरडला, “तू शांत राहा!”

“मावशी,” पोरगी रडवेली झाली, “कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, पण काही करता येत नाहीये.”

“डोळे मिट आणि दम धर,” मी म्हटलं. मालकाने दारं बांधायचा जाड दोर काढला, एक टोक तिला, एक मला. सासूबाई खाली उतरल्या, आपली पिशवी घेतली आणि येऊन माझ्यात बसल्या. मी खालच्या गिअरमध्ये चारही चाकं दगडांत रोवली. आणि ओढली! अशी ओढली की डोंगर दोन बोटं खाली आला की काय, असं बघणाऱ्यांना वाटलं.

वर पोचल्यावर सगळे खाली उतरले. सासूबाई तेवढ्या माझ्यातच बसून राहिल्या. मालकिणीने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, ही तर एकदाही कण्हली नाही. मग रविवारी हिला काय होतं?”

मालकाने तोंड उघडलं. यावेळी “बघतो की” आलं नाही. तो माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “रविवारी हिला काही होत नाही. मला होतं.”

“म्हणजे?”

“ही कधीच बंद पडलेली नाही. एकदासुद्धा नाही. मला लोकांना नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हिला आजारी पाडायचो.”

साडू पुढे झाला. “म्हणजे माझा सोफा न्यायचा होता तेव्हा...”

“ठणठणीत होती.”

“अहो, तुमची सारखी बंद असते म्हणून तर मी ही घेतली! मला कशाला लागते पिकअप? माझा अख्खा माल हातातल्या पिशवीत मावतो!”

“साडूभाऊ, माफ करा.”

मालकीण नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “आणि आईचा रविवार?”

मालकाची मान खाली गेली. “तेव्हाही. पाठ दुखत होती. एवढंच.”

“आई दिवसभर गाठोड्यावर बसून होती हो! खोलीत पाणी प्यायला पेलासुद्धा बाहेर ठेवलेला नव्हता.”

“बसले होते ना,” माझ्या आतून सासूबाई म्हणाल्या. सगळे वळले. “आणि मनात काय म्हणत होते, ठाऊक आहे? येऊ नको गं बाई, येऊ नको.”

“आई?”

“मला कुठे जायचं होतं त्या इमारतीत? तिथे खिडकी उघडली की खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात, हाक कोणाला मारायची? पण पोरगा इतक्या हौसेने न्यायला आलेला, त्याला नाही कसं म्हणू? मला काही जमलं नाही. संध्याकाळपर्यंत बसले, गाडी आली नाही, आणि मी गाठोडं सोडून आपला पेला बाहेर काढला. जावईबापू, तुम्ही तोंड लपवत फिरता ते मला कळत होतं, पण का ते कळत नव्हतं. मी तर हिचे आभार मानायला आलेय.” त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर थोपटलं. “आणि तुम्ही सगळे भरवसा भरवसा काय लावलंय? हिच्याइतकी वेळेला उपयोगी पडलेली गाडी दाखवा मला.”

मालकिणीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “म्हणजे ह्या घरात नाही म्हणता येणारी मी एकटीच आहे तर.”

“तू तर पाळण्यातूनच,” सासूबाई म्हणाल्या.

“मग मला सांगायचं होतंत ना,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला, डोळे मात्र भरलेले. “इतके दिवस मी तिकडे जीव मुठीत धरून बसते, आणि हा माणूस ग्रीस लावून झोपा काढतोय!”

ती मालकाशी खाली येईपर्यंत बोलली नाही. पण खाली आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर फाटकाजवळची डबी शोधून काढली आणि फेकून दिली. पुढच्या रविवारी कोणीतरी पियानो न्यायचाय म्हणून आलं. मालक शेडच्या दाराआड लपला. मालकीण फाटकाशी गेली आणि म्हणाली, “नाही.”

“नाही का? बरं,” तो गृहस्थ म्हणाला आणि निघून गेला.

मालक दाराच्या फटीतून बघत होता. एवढंच असतं? एवढंच? त्या धक्क्याने त्याला दुपारी झोपसुद्धा लागली नाही. भंगारवालाही एकदा येऊन गेला, त्याला भंगार न्यायला मी हवी होते. “नाही.” आता तो रस्त्यात दिसला की मी हॉर्न वाजवते. उगीचच.

आज माझा रंग उडालाय, एक आरसा दोरीने बांधलाय, हौद्याचा मागचा फाळका लावताना दोनदा आपटावा लागतो. तरी दारं वर नेते, रिकामी खाली येते, आणि मालकीण मालक यायच्या आत निवांत बिजागऱ्या बसवते.

आता ती एक गोष्ट. आठवण राहिली बघा.

तुम्हाला वाटत असेल, पोस्टमन खोटा. नाही हो, पोस्टमन शंभर टक्के खरा. खोटा आहे तो दोर. म्हणजे दोर खरा, ओढणंही खरं. सांगताना मी टोकं तेवढी उलटी बांधली. पोरगी चरात गेलीच नव्हती. ती साडेचार तारे मिरवत सरसर वर गेली. वळणावर थांबले ती मी. कट्ट झालं, धूर आला आणि मी उभीच्या उभी गार पडले. जन्मात पहिल्यांदा. मग ती पोरगी मागे आली आणि तिने मला ओढलं, फार हळुवार ओढलं, एकदाही “मावशी, बघा” म्हणाली नाही. सासूबाई गरम सीट सोडून माझ्यात येऊन बसल्या हे खरं, पण तेव्हा मी दोराच्या ढकलल्या जाणाऱ्या टोकाला होते. ओढल्या जाणाऱ्या म्हणायचं होतं मला. बघा, अजूनही नीट सांगवत नाही.

आणि ‘रविवारी हिला काय होतं’ हा प्रश्न मालकिणीने विचारलाच नव्हता. विचारण्यासारखं राहिलंच काय होतं? ती एवढंच म्हणाली, “बघितलंत? उद्या भंगारवाल्याला बोलावते.” मालकाने सकाळी जे मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं, जरा जास्तच. तो गप्प राहिला असता तर त्याचे सगळे रविवार कायमचे खरे झाले असते. कोणाला कधी कळलं नसतं. पण तो आपणहून पुढे आला आणि धूर निघणाऱ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “ही कधीच बंद पडलेली नाही.” साडू हसला. मीसुद्धा हसले असते, पण चालू नव्हते. मग त्याने सगळं सांगितलं, आणि तिथून पुढचं मी तुम्हाला सांगितलं ते जसंच्या तसं.

मी त्या वळणावर त्याच्या सांगण्यावरून थांबले की काय, असं विचारू नका. मेस्त्री म्हणतो, पट्टा तुटला. इतक्या वर्षांनी हिच्यात बिघाड सापडला म्हणून तो गॅरेजभर नाचला आणि तो तुटका पट्टा त्याने भिंतीला लावून ठेवलाय. त्याच्या आनंदात मी कशाला विरजण घालू?

राहता राहिलं पोस्टमनचं पार्सल. ते अजून माझ्या समोरच्या कप्प्यात आहे. पत्त्याच्या जागी ‘लाल दाराचं घर’ एवढंच लिहिलंय. वर डोंगरावर निम्म्या घरांची दारं लाल आहेत, सगळी आमचीच. मालक प्रत्येक खेपेला एकेका दाराशी थांबून विचारतो. तुमचं दार लाल असेल आणि कोणाकडून काही यायचं राहिलं असेल, तर हात करा. मी थांबेन. रविवारी मात्र आधी मालकिणीला विचारा.